सपाट बाजू

"साहेब, तो रिड्यूसर मी उलटा बसवला," एकनाथ म्हणाला.

सेफ्टी ऑफिसर निमेशसाहेबांनी संगणकावरून मान वर केली, एकनाथकडे नीट पाहिलं, आणि ते हसले. मोठ्याने नाही, पोटातल्या पोटात, खुर्ची कुरकुरेल इतपत.

"और मछली क्या बोली?" त्यांनी विचारलं.

टेबलामागचे दोघे कारकून खिदळले. एकाने तर हातातली फाईलच तोंडावर धरली.

"मासोलीचं नाय सांगत, साहेब. देवाची आन. सपाट बाजू खाली पायजे होती, मी वर घेतली. पानी साचलं ते त्याच्यामुलं. भगवंत मानेच्या डोल्यात गेलं ते तेच पानी."

"बस कर रे. आत्ताच जेवलोय, हसून पोट दुखेल."

निमेशसाहेबांना एकट्यांना दोष देता येणार नाही. एकनाथ तांडेल खरं बोलतोय असं मानायची सवयच तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कुणाला नव्हती. दातिवऱ्याच्या कोळीवाड्यातला हा माणूस. बापाने होडी विकली त्या वर्षी पत्र्याच्या कामाला लागला, त्याला आता तीस वर्षं झाली. हातात पत्रा आणि तोंडात गोष्ट, दोन्ही सारख्याच सफाईने वळवायचा. त्याच्या नजरेबद्दल तर लोक काहीही सांगतात. इंचाच्या आठव्या भागाला पत्र्याच्या कामात सूत म्हणतात. एडवणला एका लग्नात अक्षता टाकता टाकता एकनाथ म्हणाला होता म्हणे, "नवऱ्याचा डावा खांदा दोन सूत खाली हाय, पाचर घाला." वरमाईचा इतका संताप झाला की तिने शिंप्याला बोलावून भर मांडवात मोजून घेतलं. दोन सूतच निघालं. पुढे तीच वरमाई घराची चौकट बसवताना एकनाथला रिक्षा पाठवून बोलावून घेऊन गेली.

हे खोटं असेल. पण तीस फूट उंचावरून जाणारा डक्ट, म्हणजे हवा न्यायचा पत्र्याचा बोगदा, जमिनीवरून पाहून तो "मधला हँगर दीड सूत वर घ्या" म्हणायचा, आणि टेप लावल्यावर तेवढंच भरायचं, हे मात्र खरं. ते पाहिलेली माणसं अजून बोईसरात आहेत.

आता रिड्यूसर म्हणजे काय, ते सांगतो. मोठ्या डक्टाला लहान डक्ट जोडायचा तर मध्ये एक निमुळता तुकडा लागतो. तो बहुतेक वेळा एका अंगाने सपाट असतो आणि दुसऱ्या अंगाने उतरता. एसीच्या कामात सपाट अंग वर घेतात, म्हणजे डक्ट स्लॅबला चिकटून जातो आणि खाली डोक्याला जागा राहते. एकनाथने बावीस वर्षं एसीचंच काम केलं. मॉल केले, हॉस्पिटलं केली, एका पुढाऱ्याच्या बंगल्यात कुत्र्याच्या खोलीलासुद्धा डक्ट नेला. सपाट बाजू वर, सपाट बाजू वर. हजारो तुकडे त्याच्या छातीवरून असेच वर गेले.

केमिकल कंपनीत मात्र गणित फिरतं. तिथल्या डक्टातून वाफ जाते. वाटेत ती निवते, तिचं आंबट, झोंबणारं पाणी होतं, आणि ते डक्टाच्या तळाने वाहत पुढच्या टाकीत पडतं. त्याची वाट मोकळी राहावी म्हणून सपाट बाजू खाली ठेवायची. उलटी बसली तर तळाला चढ तयार होतो. शेताला बांध घालावा तसा. पाणी त्या बांधामागे साचत राहतं, आणि साचलेलं पाणी आधी सांध्यातलं रबर खातं, मग पत्रा.

एकनाथला हे माहीत नव्हतं असं नाही. नव्या पोरांना हे शिकवताना तो स्वतःच्या तळहाताचा उतार करून त्यावर चहा ओतून दाखवायचा. चहा गरम असायचा, तरी दाखवायचा.

नऊ महिन्यांपूर्वी तो तुकडा बसवला त्या दिवशी परांचीवर एका टोकाला एकनाथ होता, दुसऱ्या टोकाला त्याचा जोडीदार जानू. खाली भगवंत माने. भगवंत त्या प्लांटचा ऑपरेटर, माण तालुक्यातला, बारा वर्षं सालवडच्या चाळीत राहणारा. त्याचं खाली काही काम नव्हतं. पण एकनाथ वर चढला की भगवंत आपलं काम सोडून खाली येऊन उभा राहायचा, कारण गोष्ट चालू व्हायची. असा ऐकणारा तारापुरात दुसरा नव्हता. हसायच्या आधीच त्याचे खांदे हलायला लागायचे.

त्या दिवशी घोळ माशाची गोष्ट होती. एकनाथच्या आज्याच्या जाळ्यात घोळ लागला. इतका मोठा, की आजा त्याला ओढायच्या ऐवजी तोच होडीला ओढायला लागला. वाऱ्याच्या विरुद्ध! शीड उलटं फुगलं. आज्याने तीन दिवस होडीत बसून नुसती विडी ओढली, चौथ्या दिवशी होडी दीवच्या बंदराला लागली, तेव्हा तो मासा पाण्यावर आला, वळला, आणि आज्याच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाला...

इथे एकनाथ नेहमी थांबायचा.

"आरं मग? मासा काय म्हणाला?" भगवंत खालून ओरडला.

एकनाथच्या छातीवर रिड्यूसर होता. त्याने तो माशासारखा एक गिरकी देऊन फिरवला, खाडकन स्लॅबला टेकवला आणि म्हणाला, "भाडं कोन देनार!"

जानूच्या हातून पाना पडला, भगवंत हसत हसत खाली बसला. त्या हसण्यातच नट आवळले गेले. सपाट बाजू वर. बावीस वर्षांची सवय हातात होती आणि तोंड मोकळं होतं. तुकडा स्लॅबला इतका चपखल बसला की एकनाथने त्याच्यावर दोन थापा मारल्या.

मग आठ महिने तिथे थेंब थेंब पाणी साचलं.

गेल्या महिन्यात, सकाळच्या पाळीत, भगवंत मीटरचा काटा वाचायला त्या डक्टाखाली उभा राहिला. वाफेने गॉगलची काच धुरकट झाली होती. काटा दिसेना, म्हणून त्याने गॉगल कपाळावर सरकवला. तेवढ्यात खांद्यावर एक थेंब पडला. अंगावर थेंब पडला की माणूस काय करतो? वर बघतो. राजा असो नाहीतर ऑपरेटर, वर बघतो. आणि त्याच क्षणी वरचा सांधा सुटला.

डावा डोळा गेला. उजव्याला उजेड आणि काळोख एवढाच फरक कळतो, असं मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं.

तिसऱ्या दिवशी ठेकेदाराने सडका तुकडा काढून नवा बसवायला पाठवलं, ते एकनाथलाच. बोल्ट काढता काढता त्याचे हात थांबले. पत्र्याच्या आत एक पांढरी रेघ होती, सरळ, आडवी, पाणी जिथवर साचलं होतं तिथवरची. भरती ओसरल्यावर खडकावर राहते तशी. लहानपणापासून त्याने ती रेघ दातिवऱ्याला पाहिली होती, वाचायला कुणी शिकवायची गरज नव्हती.

"काय झालं, काका?" जानूने विचारलं.

"काय नाय. धर."

नवा तुकडा त्याने सपाट बाजू खाली घेऊन बसवला. कुणाला फरक कळला नाही. जुना तुकडा दुपारी भंगाराच्या टेम्पोत गेला, आणि एकनाथ गेटाशी उभा राहून टेम्पो नागझरीच्या रस्त्याला वळेपर्यंत पाहत राहिला. हाक मारायची होती. ज्या तोंडाने तीस वर्षं विश्रांती घेतली नव्हती, ते त्या दिवशी उघडलं नाही.

पुढचे पंधरा दिवस तो गप्प होता. लोकांना वाटलं दाढ दुखतेय.

मग सालवडमधून बोलणं येऊ लागलं. भगवंत ड्युटीवर झोपला होता म्हणे. रात्रीची घेतलेली उतरली नव्हती म्हणे. कंपनीच्या चौकशीत लिहून आलं, "ऑपरेटरचा निष्काळजीपणा", आणि त्या एका शब्दाला चाळीने पाय लावले, बाटली लावली, डुलकी लावली. गोष्ट कशी वाढते ते एकनाथपेक्षा जास्त कोण जाणणार? ती वाढताना त्याला ऐकू येत होती. म्हणून तो आज निमेशसाहेबांसमोर उभा होता.

एकनाथ हलत नाही म्हटल्यावर निमेशसाहेबांनी कारकुनांना चहा सांगायला पिटाळलं. दार लावून घेतलं. आता ते हसत नव्हते.

"समज, मी मानलं," ते हळू आवाजात म्हणाले. "तू उलटा बसवला. मग तपासला कोणी? सही कोणाची आहे खाली? माझी. महिन्याला डक्ट बघायचा होता, बघितला कोणी? रिपोर्ट वर गेलाय, एकनाथ. अपघाताच्या फोटोत गॉगल कपाळावर आहे. संपलं."

"पन तो झोपला नव्हता, साहेब. लोक बोलतात..."

"लोकांना बोलू दे. तू नको बोलू. इथे बोललास, ते या खोलीत राहिलं. बाहेर ऐकू आलं तर तुझा गेटपास बंद. या कंपनीचा नाही, कुठल्याच कंपनीचा मिळणार नाही. बावन्न वय आहे ना तुझं? परत होडीवर जाणार?"

होडी उरलीच कुठे होती!

एकनाथने कँटीनमध्ये एकदा प्रयत्न केला. पुरीभाजीच्या ताटावर चार जण होते, त्यांना सगळं सांगितलं, पांढऱ्या रेघेसकट. ते शेवटपर्यंत ऐकून घेऊन थांबले, आणि एक जण म्हणाला, "मग? रिड्यूसर काय बोलला?" ताटं हलली इतके हसले. जानू तेवढा हसला नाही. तो खाली मान घालून म्हणाला, "मला काय म्हाईत, काका. तुमी धरलं तसं मी आवललं." आणि ताट उचलून दुसऱ्या बाकावर जाऊन बसला.

घरी त्याची बायको मंजुळा सुकट निवडत होती. तिला त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि तिने पहिल्याच दिवशी मानलं होतं, कारण सांगताना त्याने हात हलवले नव्हते.

"भगवंताला सांगितलंस?" तिने विचारलं.

"कसा सांगू?"

"ज्या तोंडानं मासा सांगितलास त्याच तोंडानं. दुसरं कुठं हाय तुला? पन तो मासा घरी ठेवून जा."

सुट्टीच्या दिवशी दुपारी एकनाथ सालवडला निघाला. जायच्या आधी त्याने पत्र्याच्या तुकड्याचा वीतभर लांबीचा रिड्यूसर केला. एका अंगाने सपाट, दुसऱ्या अंगाने उतरता. चारी कडा दुमडून घेतल्या, बोटं कापू नयेत म्हणून.

भगवंतची खोली चाळीच्या मधोमध. भिंती वर छपरापर्यंत पोहोचत नव्हत्या, हातभर आधीच थांबल्या होत्या, त्यामुळे एका खोलीतली फोडणी चार खोल्यांत शिंकायची. डावीकडे त्याच प्लांटमधले तिघे राहायचे, उजवीकडे कंपनीच्या गेटावरचा सिक्युरिटीवाला. दोन्हीकडे टीव्ही चालू होते.

भगवंत पलंगावर भिंतीला टेकून बसला होता, डोळ्यांवर पट्टी. त्याची बायको अर्चना दाराशी भांडी घासत होती. पलंगापासून लांब, कोपऱ्यात, गोधडीवर त्याची आई रखमाबाई बसली होती. गावाहून येऊन तिला आठवडा झाला होता. कानाने पार गेलेली.

"तांडेल का?" भगवंत म्हणाला. "चप्पल वळखली. ये. लई दिवस लावलंस."

"कसा हायस?"

"मस्त. वीजबिल कमी झालं." त्याचे खांदे जरासे हलले आणि थांबले. मग आवाज खाली आणून म्हणाला, "आई बोलत न्हाय माज्याशी. तिला इथल्या बायांनी सांगितलं, मी झोपलो हुतो. माजा बाप चाळीस वर्सं कारखान्याच्या उसावर राखण करायचा. ती म्हणती, त्यानं कधी डोळा लावला न्हाय, आन् तू दिवसाढवळ्या..." त्याने पट्टी सारखी केली. "आता मलाच कळंना, तांडेल. लागली आसंल का डुलकी? दवाखान्यात पडल्यापासनं तेच आठवत बसतो. काटा वाचला, थेंब पडला. एवढंच आठवतंय. बाकीच्यांना जास्ती म्हाईत हाय माज्यापरास."

एकनाथ पलंगाच्या कडेला टेकला. मंजुळेला सांगितलं होतं तसंच, हात मांडीवर ठेवून त्याने सांगितलं. सरळ, पहिल्यापासून. परांची, घोळ, गिरकी. सपाट बाजू. पांढरी रेघ. भंगाराचा टेम्पो, आणि न मारलेली हाक.

अर्चनाचं भांडं घासणं केव्हाच थांबलं होतं.

भगवंत हसला नाही. "मला कळलं न्हाय," तो म्हणाला. "पाणी कुठं साचलं?"

एकनाथने खिशातून पत्र्याचा तुकडा काढून त्याच्या हातात दिला, उलटा धरून, जसा वर बसवला होता तसा. भगवंतची बोटं आत शिरली. तळाने पुढे गेली, चढ लागला, अडली. मागे आली, परत गेली, परत त्याच जागी अडली. बराच वेळ ती तिथेच फिरत होती.

"हितं," भगवंत म्हणाला.

"हां. तितंच."

"म्हंजे आठ महिने हे माज्या डोक्यावर हुतं."

"हां."

"आन् मी खालून इचारत हुतो, मासा काय म्हणाला."



अर्चना दारातून उठून आत आली. तिचे हात राखेने भरलेले होते. ती एकनाथकडे पाहत राहिली, आणि तिच्या तोंडून जे काही येणार होतं ते येण्याआधी भगवंतने हात वर केला. "थांब. आदी आईला सांगू दे." मग एकनाथकडे तोंड वळवलं. "तिला सांग."

"मी? तू सांग की. तुजी आई हाय."

"माजं ती खरं मानंल व्हय? तू सांग."

"कानाशी जाऊन सांगतो."

"कानाशी चालत न्हाय. वरडावं लागतं."

एकनाथने भिंतीकडे पाहिलं. वरची हातभर मोकळी जागा पाहिली. उजवीकडे सिक्युरिटीवाला टीव्हीवरची मॅच पाहत कुणाला तरी शिव्या घालत होता. इथे ओरडलेलं उद्याच्या सकाळच्या पाळीआधी गेटावर पोहोचणार, आणि गेटावरून निमेशसाहेबांच्या टेबलावर. त्यासाठी मासा लागत नाही, होडी लागत नाही.

तो उठला. रखमाबाईसमोर जाऊन उकिडवा बसला. म्हातारीने डोळे बारीक केले.

"मावशे, तो पत्रा मी उलटा बसवला!"

"काय बसला?"

"उलटा! पत्रा! मी बसवला! चूक माजी हाय!"

"कुनाची?"

"माजी! माजी, मावशे! त्यात पानी साचलं, ते पडलं!"

उजवीकडची मॅच एकदम गप्प झाली. मग डावीकडचं गाणं. नळावर बादली भरत होती तिचा आवाजही कुणीतरी बंद केला. दारात एक जण आला, त्याच्यामागे दोघं, मग सिक्युरिटीवाला बनियनवरच. एकनाथचा आवाज ओळखून आले होते. चेहऱ्यांवर हसू तयार होतं, आता काहीतरी निघणार म्हणून.

"मग ह्यो?" रखमाबाईने पलंगाकडे बोट केलं. "ह्यो झोपला हुता ना?"

"नाय!"

"आं?"

एकनाथने छातीत हवा भरली. पत्रा वर उचलताना भरायचा तेवढी.

"तुजा पोरगा जागा होता, मावशे! जागा होता! कामावर होता! वर बघत होता!"

दारातली माणसं थांबली होती. गोष्ट अजून पुढे आहे, शेवटी काहीतरी येईल, म्हणून थांबली होती. पुढे काही आलं नाही. एकाच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं, मग दुसऱ्याच्या. सिक्युरिटीवाल्याने एकनाथकडे पाहिलं, आणि मग आपल्या पायांकडे.

रखमाबाईने गुडघ्यावर हात रेटून स्वतःला उभं केलं. गोधडी उचलली, काखेत घेतली, आणि दोन पावलं टाकून पलंगाशी आली.

"सरक," ती म्हणाली.

भगवंत भिंतीकडे सरकला.